आतून उघडणारं दार

१

रविवारी दुपारचं जेवण झालं की तपासनीस ताट घासून टाकायचा, हात पुसायचा आणि घरभर एक फेरी मारायचा. गॅसचं बटण बंद आहे ना, इस्त्रीची पिन काढलेली आहे ना, दारामागे कुणी खोका वगैरे टेकवून ठेवला नाही ना. ठेवणार तरी कोण, घरात तर तो एकटाच राहत होता. पण इमारतींची अग्निसुरक्षा तपासण्याची नोकरी करून करून त्याला ही खोड जडली होती. कुणाकडे पाहुणा म्हणून गेला तरी चहाच्या आधी त्याला जिना कुठे आहे ते बघायचं असे. बायको वेगळी झाली तेव्हा तिने मांडलेल्या तक्रारींत ही खोड बरीच वरच्या जागी होती.

फेरी संपायची अडगळीच्या खोलीत. बोळाच्या टोकाची ही खोली बिनखिडकीची, जेमतेम खाट मावेल एवढी. तिथे लोखंडी मांडणीवर त्याचा जुना संगणक ठेवलेला होता आणि त्याचा पंखा रात्रंदिवस घुमत असे. तपासनीस मागच्या जाळीवर तळहात धरून तो फार तापलाय का ते बघायचा, तारा एकमेकींवर पडल्या असतील तर सोडवायचा आणि दार नुसतं लोटून बाहेर यायचा. मग दिवाणखान्यात लॅपटॉपसमोर बसायचा, कानाला हेडफोन लावायचा आणि आठवडाभर बंद असलेला त्याचा चेहरा उघडायचा.

"आलास का रे बाबा?" पलीकडून आवाज यायचा. "किती वाट बघायची माणसाने?"

ही खारू. वय नऊ. खेळात दिसेल ती वस्तू पेटीत साठवून ठेवायची, म्हणून खारूताईची खारू. ती आईबरोबर दुसऱ्या गावात राहत होती. बापाच्या नव्या घरात तिने कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. पण ते घर तिने बांधलं होतं. ठोकळ्यावर ठोकळा ठेवून घरं, डोंगर, काय वाट्टेल ते बांधायचा तो खेळ. बाबा सांगत गेला आणि ती बांधत गेली. दिवाणखाना, बोळ, स्वयंपाकघर, अगदी टोकाची अडगळीची खोलीसुद्धा. बाबाचं घर म्हणजे तिच्या लेखी ते, आणि रविवारी दुपारी ती बाबाच्या घरी जायची.

२

हा खेळ कुठल्याही कंपनीच्या सर्व्हरवर खेळता आला असता. पण तिथे जगभरची माणसं, कोण कुठला, कशाला आलाय, काही पत्ता नाही. खारूच्या आईने त्यावर स्पष्ट सांगितलं होतं. खेळा, पण एकही अनोळखी माणूस तिच्या आसपास फिरकता कामा नये. ज्या दिवशी फिरकला, त्या दिवशी हे बंद. आणि हे बंद म्हणजे बापलेकीचं सगळंच बंद, कारण फोनवर खारू "हो", "नाही" आणि "जेवले" यापुढे जात नसे. ठोकळे हातात असले की मात्र ती शाळेपासून स्वप्नांपर्यंत सगळं सांगून टाकायची.

म्हणून तपासनीसाने सर्व्हर घरातच थाटला. ऑफिसातल्या तारवाल्याने सगळं लावून दिलं. तारवाला म्हणजे त्यांच्या खात्यातला नेटवर्कचं काम बघणारा माणूस. बोलायला फटकळ, कामाला चोख. बाहेरच्या जगाला घरातलं काही दिसू नये म्हणून त्याने राउटरवरच्या सगळ्या वाटा बुजवल्या आणि खेळापुरती एक फट ठेवली. त्या फटीतून आत यायला पासवर्ड. आणि आत यायची परवानगी दोनच नावांना, 'खारू' आणि 'बाबा'.

"घरातून येणाऱ्यालापण पासवर्ड विचारू?" तारवाल्याने विचारलं होतं.

घरात मी एकटा, मलाच काय विचारायचं, असं तपासनीस म्हणाला.

"आणि आतून बाहेर जाणाऱ्यावर काही बंधन? काहीजण ठेवतात."

यावर मात्र तपासनीस हसला. "अरे, आतून बाहेर जाणाऱ्याला कधी अडवायचं नसतं. माझी अर्धी नोकरी हेच सांगण्यात गेली. दार बाहेरून कितीही पक्कं असू दे, आतून ते नुसतं ढकलून उघडलं पाहिजे. किल्ली लागली की माणूस मेलाच म्हणून समज."

याच मुद्द्यावर त्याचं बायकोशी किती वेळा वाजलं होतं. तिला चोराची भीती. जुन्या घरात ती मुख्य दाराला आतून कुलूप घालायची आणि किल्ली तिथल्या अडगळीच्या खोलीत, खारूचा हात पोचणार नाही अशा उंचावरच्या खिळ्याला लावायची. आग लागली तर काय करशील, तो विचारायचा. चोर आला तर तू काय करशील, ती विचारायची. आता ती त्या घरात तिच्या मनासारखं कुलूप घालून राहत होती आणि तो या घरात त्याच्या मनासारखी दारं लोटून.

तारवाल्याने खांदे उडवले आणि साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे लावून दिलं.

३

खारूला सुट्टी लागली तेव्हा तिने हट्ट धरला की सर्व्हर दिवसभर चालू ठेव. तू ऑफिसात गेलास की मला तुझ्यासाठी एक गंमत बांधायचीय. तपासनीसाला नाही म्हणवेना. त्याने तारा पुन्हा एकदा तपासल्या, संगणकाच्या खणात कागदाचा कपटाही राहू दिला नाही आणि सर्व्हर चालू ठेवून तो कामावर जाऊ लागला.

पुढच्या रविवारी तो नेहमीसारखा लॅपटॉपसमोर बसला. खेळ उघडला. बोळ दिसला, बोळाच्या टोकाला अडगळीच्या खोलीचं दार उघडं दिसलं आणि पडदा काळा झाला. त्यावर एकच ओळ उमटली. तुम्ही दुसऱ्या ठिकाणाहून आत आला आहात.

त्याने ती दोनदा वाचली. तसा त्या ओळीचा अर्थ साधा होता. एका नावाने एकालाच खेळता येतं. त्याच नावाने दुसरा कुणी शिरला, की पहिला बाहेर फेकला जातो. पण 'बाबा' या नावाचा मालक तर इथे खुर्चीत बसला होता.

त्याने पुन्हा प्रयत्न केला आणि या वेळी आत जाता आलं. अडगळीच्या खोलीचं दार आता बंद होतं.

"कुठे गेला होतास मध्येच?" खारूने विचारलं.

नेट गेलं होतं, तो म्हणाला. नेट गेलेलं नव्हतं. मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. खेळताना त्याचं लक्ष लागेना, आणि हेडफोन काढला की भिंतीपलीकडून पंख्याच्या घुमण्याखाली आणखी एक आवाज असल्यासारखं वाटे. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक. लाकूड तापलं की वाजतं, त्याने स्वतःला समजावलं. मांडणी लोखंडी होती हे त्याला नंतर आठवलं.

४

तारवाल्याने सोमवारी जेवणाच्या सुट्टीत ऑफिसातूनच त्याच्या सर्व्हरची तपासणी केली. तपासनीस शेजारी डबा उघडून बसला होता, पण घास काही तोंडात जात नव्हता. एखाद्या भामट्याने पासवर्ड पळवला असेल, तर खारूच्या आईला काय सांगायचं, हेच त्याच्या डोक्यात घोळत होतं. खरं सांगितलं तर रविवार गेला. आणि खोटं सांगायचं तर मुलगी तिथे उघड्यावर.

"बाहेरून मुंगीसुद्धा आत आलेली नाही," तारवाला म्हणाला. "तुझी मुलगी सोडून."

तपासनीसाने सुटकेचा श्वास टाकला आणि पोळीचा तुकडा मोडला.

तारवाला अजून पडद्याकडेच बघत होता. "हे 'बाबा' नावाने खेळणारं जे आहे ना, ते तुझ्या घरातून येतंय. राउटरच्या आतल्या बाजूने." मग त्याने मान वळवली. "दुपारी घरी कोण असतं तुझ्या?"

"कुणी नाही."

"लॅपटॉप चालू ठेवून येतोस का?"

लॅपटॉप तपासनीसाच्या पिशवीत होता. पिशवी त्याच्या पायाशी होती.

तारवाल्याने मग टीव्हीपासून जुन्या फोनपर्यंत दहा शक्यता सांगितल्या. असं होतं कधीकधी, एखादं यंत्र दुसऱ्याचं सोंग घेतं, म्हणाला. पण एरवी घडाघडा बोलणारा तो माणूस हे सांगताना अडखळत होता. शेवटी त्याने विचारलं, घरातल्यालापण पासवर्ड लावून टाकू का? लाव, तपासनीस म्हणाला. त्याने लावला.

संध्याकाळी घरी जाऊन तपासनीसाने टीव्हीची पिन काढली, जुना फोन बंद केला, प्रत्येक खोलीत वाकून, पलंगाखाली, कपाटामागे पाहिलं. लोक असे लपून बसत नाहीत हे त्याला कळत होतं. तरी पाहिलं. अडगळीच्या खोलीत मांडणीवर धुळीचा सारखा थर होता, कुणाचं बोटही लागलेलं नव्हतं. तो बाहेर आला, दार लोटलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं की या दाराला बाहेरून कडी असती तर बरं झालं असतं.

खारूच्या आईचा फोन आला तेव्हा तिने सहज विचारलं, सगळं ठीक ना? सगळं ठीक, तो म्हणाला. हे बोलताना त्याला स्वतःची लाज वाटली, पण रविवार हातातून जाऊ द्यायची त्याची तयारी नव्हती.

५

नंतर दोन दिवसांनी ऑफिसातूनच त्याने खारूला फोन लावला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्याने जपून विचारलं, की दुपारी खेळताना आणखी कुणी दिसतं का गं तुला?

"कुणी नाही. तूच असतोस."

"मी तर ऑफिसात असतो, खारू."

"हो, पण तू खेळतोस ना," ती म्हणाली. बापाला साधी गोष्ट समजावून सांगावी लागतेय, असा तिचा सूर होता. "रविवारचा बाबा बोलतो. दुपारचा बाबा बोलत नाही, नुसता बांधतो. ऑफिसात बोलता येत नाही म्हणून, हो ना?"

कालही खेळलो का मी, त्याने विचारलं. कालही आणि आजही, ती म्हणाली. म्हणजे पासवर्ड लावूनही. काय बांधतो मी, त्याने विचारलं.

मग खारूने गंमत फोडली. दुपारच्या बाबाने अडगळीच्या खोलीच्या मागच्या भिंतीतून एक बोगदा खणला होता. लांबच लांब. बोगदा संपला तिथल्या मोकळ्या रानात त्याने एक दार उभं केलं होतं. नुसतं दार, भोवती ना भिंत, ना छप्पर. आणि दाराकडे तोंड करून तो रोज उभा राहायचा.

"मग मला कळलं, पुढचं मी बांधायचंय. तुला आमचं घर पुन्हा बघायचं होतं ना? मी पूर्ण बांधलं. माझी खोली, आईची खोली, आपल्या आधीच्या फ्रिजची जागा. आमची अडगळीची खोलीपण. तिथे खिळ्याला किल्लीसुद्धा लावलीय, बरोबर तेवढ्याच उंचीवर. आता फक्त तू आत यायचंय."

"तो आत आलाय का?"

"अजून नाही. दारापाशीच थांबतो. मी म्हटलं, अरे ये की, आमचं दार ढकललं की उघडतं."

६

तपासनीस अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाला. वाटेत शंभर कारणं शोधली. कुणीतरी घराच्या भिंतीपलीकडून, शेजारच्या बिऱ्हाडातून राउटर वापरत असेल. एखादा वात्रट पोरगा असेल. तारवालाच चेष्टा करत नसेल कशावरून? एकेक कारण त्याने नीट तपासलं, आणि एकही टिकलं नाही.

घरात भरदुपारचं ऊन फरशीवर पसरलं होतं. त्याने पिशवीतला लॅपटॉप बाहेर काढलाच नाही. सोफ्यावर बसून खारूला व्हिडिओ कॉल लावला. आई आतल्या खोलीत कामात आहे, तिने सांगितलं. खेळतेयस का, त्याने विचारलं. हो की. मग फोन पडद्याकडे वळव, मला बघू दे.

चित्र हललं, तिरकं झालं आणि स्थिर झालं. खारूच्या पडद्यावर त्याच्या घराची अडगळीची खोली दिसत होती. तिथे पाठमोरं कुणीतरी उभं होतं. डोक्यावर पिवळं शिरस्त्राण, खारूनेच बाबासाठी निवडलेलं. वर नाव लिहिलेलं होतं, 'बाबा'. ते भिंतीकडे तोंड करून ठोकळा ठेवत होतं.

टक.

भिंतीपलीकडे, बोळाच्या टोकाला. आणि मग फोनमधून, टक.

तपासनीस कान देऊन ऐकू लागला. पुन्हा झालं. आधी भिंतीपलीकडून, मग फोनमधून. वीज पडल्यावर गडगडाट मागून येतो तसं. आधीचं जे होतं ते इथलं होतं.

"खारू," तो अगदी हळू म्हणाला, "खेळ बंद कर."

"थांब ना. बघ, आज निघाला तो."

पडद्यावरचं ते शिरस्त्राण बोगद्यात शिरलं होतं. त्याची चालण्याची घाई बघवत नव्हती. भिंतीपलीकडचा आवाज थांबला. बोगदा संपला, रान आलं, दार आलं. आणि दाराशी पोचल्यावर ते आयुष्यात पहिल्यांदा मागे वळल्यासारखं वळलं. नुसता ठोकळ्याचा चेहरा, दोन डोळ्यांच्या दोन चौकटी. तरी ते खारूकडे बघत नव्हतं. ते फोनकडे बघत होतं.

तपासनीस धावला. बोळातून जाताना त्याला अडगळीचं दार उघडं दिसलं. ते त्याने सकाळी लोटलेलं होतं. आत न बघता, डोळे जवळजवळ मिटूनच, त्याने हात घालून पिन खेचली.

पंखा हळूहळू थांबला.

७

खोलीत कुणी नव्हतं. मांडणी, धूळ, गार होत जाणारा संगणक. तपासनीस बराच वेळ तिथेच उभा राहिला. मग स्वयंपाकघरात जाऊन तो घटाघटा पाणी प्याला, आणि त्याला काहीतरी वेगळं जाणवलं.

घर रिकामं होतं. इथे राहायला आल्यापासून पहिल्यांदा. इतके महिने तो ज्याला एकटेपण समजत होता ते एकटेपण नव्हतंच, हे त्याला आत्ता कळलं. कानांवरचा दाब उतरावा तसं हलकं वाटलं. सुटलो, त्याने मनात म्हटलं, आणि खुर्चीत बसला.

आणि लगेच ताडकन उठला. रिकामी इमारत सापडली की तपासनीस पहिला प्रश्न एकच विचारतो. आतली माणसं कुठल्या दाराने बाहेर पडली?

आतून बाहेर जाणाऱ्याला अडवायचं नाही, हे त्यानेच सांगितलं होतं.

त्याने खारूच्या आईला फोन लावला. घाईत दोनदा चुकीचं बटण दाबलं गेलं. तिने उचलल्याबरोबर त्याने सगळं सांगायला सुरुवात केली, उलटसुलट, मधूनच, माफीसकट. रविवार गेला तर जाऊ दे, म्हणाला, तू फक्त ऐक.

"अरे, हळू बोल," ती म्हणाली. "काही झालेलं नाही. खेळ मध्येच बंद पडला म्हणून थोडी रडली, आता शांत आहे. अडगळीच्या खोलीत बसलीये दार लावून. तिचे ते लहानपणचे लाकडी ठोकळे काढलेत वाटतं."

"तुला कसं माहीत?"

"आवाज येतोय की."

तिने फोन पुढे धरला असावा. तपासनीसाला ऐकू आलं. टक. मग बराच वेळ काही नाही. मग टक.

"ठोकळे कुठे आहेत आपले?" त्याने विचारलं.

ते ठोकळे त्याने घर सोडताना आठवण म्हणून आपल्याबरोबर आणले होते. ते इथे होते, त्याच मांडणीच्या खालच्या खणात.

"खारू," आईने हाक मारली. आता तिचा आवाज बदलला होता. "खारू, दार उघड बघू."

टकटक थांबली.

"आई, मी इथे आहे," खारू म्हणाली. तिचा आवाज फोनच्या अगदी जवळून, आईच्या पाठीमागून आला. "बाबाला बघायला आलीस का? मी पण त्याचीच वाट बघतेय."

"बाहेर पडा," तपासनीस म्हणाला. आयुष्यभर शेकडो माणसांना शांतपणे शिकवलेले ते दोन शब्द त्याला नीट उच्चारता येईनात. "दोघी. आत्ता. काही घेऊ नका. मुख्य दार उघड आणि बाहेर पड."

पावलांची धावपळ ऐकू आली, कडीचा खडखडाट ऐकू आला.

"कुलूप आहे," ती म्हणाली. "किल्ली तिथे आहे. खिळ्याला."

तो काही बोलण्याआधी फोनमधून बिजागरी कुरकुरली. ती मुख्य दाराची नव्हती. पलीकडच्या अडगळीच्या खोलीचं दार उघडत होतं, अगदी सावकाश, आतून, आणि त्याबरोबर एका खिळ्यावरून किल्ली उचलल्याचा लहानसा आवाज आला.